राजाचा मुखवटा, पण आत राजा नाही

प्रश्न : मुलीकडे शिकागोला गेले होते, तेव्हा तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आफ्रिकेच्या दालनात एक विलक्षण वस्तू पाहिली. कवड्यांनी आणि मण्यांनी मढवलेलं एक डोकं आणि टाळूवरून निघून पुढे झुकलेली चक्क हत्तीची सोंड! पाटीवर ‘कुबा’ असं नाव होतं. जावई म्हणाले, ‘हा तिथल्या राजाचा मुकुट असणार.’ मला तर थेट गणपतीच आठवला. खरं काय समजायचं? आणि डोळ्यांच्या जागी भोकं दिसली नाहीत, मग घालणाऱ्याला दिसायचं तरी कसं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, जावईबापूंना निम्मे गुण द्यायला हरकत नाही. वस्तूचा राजाशी संबंध आहे, पण ती मुकुट नाही. गणपतीला मात्र या प्रकरणातून सोडवावं लागेल. ती सोंड मध्य आफ्रिकेतल्या जंगलातल्या हत्तीची आहे आणि तिथे ती कशी आली, याचं तिथलंच स्वतंत्र कारण आहे. त्या कारणापर्यंत जरा वळसा घालून जाऊ, कारण आधी कुबा कोण हे कळलं नाही तर सोंडही कळणार नाही.

आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या नकाशावर कसाई आणि सांकुरू या दोन नद्या शोधा. दक्षिणेकडून तिसरी लुलुआ नदी येऊन कसाईला मिळते. या नद्यांच्या बेचक्यात कुबांचं राज्य आहे. राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक जमात, एक भाषा असं चित्र येतं, पण इथे तसं नाही. वेगवेगळ्या वंशांचे आणि बोलींचे पंधरा-वीस गट एका राजाला मानतात. त्यांतला राज्यकर्ता गट बुशूंग. राजाला म्हणतात न्यीम आणि त्याची राजधानी न्शेंग. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात श्याम आम्बुल आन्गूंग नावाच्या राजाने या राज्याची घडी बसवली असं तिथली परंपरा सांगते. मका, कसावा, तंबाखू अशी नवी पिकं आणि नवनव्या कला त्याने पश्चिमेकडून आणल्या, असंही सांगतात. एवढं सगळं एकाच माणसाने आणलं असेल का, हा प्रश्न इतिहासकारांना पडतोच. पण लाडक्या राजाच्या खात्यावर सगळं जमा करायची सवय जगभर सारखी आहे.

इतके गट एकत्र नांदवायचे तर नुसत्या भाल्यांवर भागत नाही. कुबा राजांनी एक वेगळी युक्ती केली. त्यांनी हुद्दे वाटले, आणि तेही सढळ हाताने. न्यायनिवाड्याचा हुद्दा वेगळा, सैन्याचा वेगळा, गावाचा प्रतिनिधी म्हणून दरबारात बसणाऱ्याचा वेगळा. हुद्दा आला की त्याची खूणही आली. टोपीत कोणत्या पक्ष्याचं पीस खोवायचं, हातात काय धरायचं, कमरेला काय बांधायचं, हे सगळं ठरलेलं. त्यामुळे न्शेंगमध्ये माणूस समोर आला की त्याचं पद आधी दिसायचं आणि चेहरा नंतर. ही गोष्ट लक्षात ठेवा. मुखवट्याचं सगळं कोडं इथूनच सुटतं.

आता मुकुटाचा भ्रम दूर करू. कुबा राजाला डोक्यावर घालायच्या वस्तूंची वाण नव्हती. पूर्वीच्या राजांच्या लाकडी मूर्ती करत, त्यांना न्डोप म्हणतात. साधारण दीड-दोन फूट उंचीची, मांडी घालून बसलेली आकृती, आणि डोक्यावर पुढे सपाट फळीसारखी आलेली खास राजेशाही टोपी. आणखी एक गंमत अशी, की सगळ्या न्डोप मूर्तींचे चेहरे जवळपास एकसारखे, शांत, अर्धमिटल्या डोळ्यांचे. मग कोणता राजा कोणता, हे ओळखायचं कसं? तर पुढ्यात कोरलेल्या चिन्हावरून. श्यामच्या पुढ्यात खळग्यांचा सोंगटीपट आहे, तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयातल्या मिशे मिश्यांगच्या पुढ्यात एक ढोल. म्हणजे राजाची मूर्ती घडवतानासुद्धा त्याचे नाक-डोळे जुळवायच्या फंदात कोणी पडलं नाही. त्याची खूण कोरली की काम झालं.

राजाचा दरबारी पोशाख हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. १९४७ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार एलिओट एलिसोफन न्शेंगला गेला आणि त्याने राजा म्बोप माबींच याचं पूर्ण पोशाखातलं छायाचित्र घेतलं. कवड्या, मणी, बिबट्याचं कातडं, पिसं यांच्या त्या ढिगाऱ्यातून राजाचा चेहराच काय तो बाहेर डोकावतो. पोशाखाचं वजन ८० किलोंच्या वर भरतं असं सांगतात. एवढं वजन अंगावर घेऊन कोणी नाचत नाही, नुसतं बसून राहणंही पराक्रमच. अशा पोशाखासह राजाला पुरायची रीत असल्याने पुढच्या राजाला नवा करवून घ्यावा लागे. तेव्हा ताई, मुकुटाच्या जागी काय असतं ते हे. तुम्ही पाहिलं ते वेगळं काम करणारं सोंग आहे.

त्या सोंगाचं मूळ रूप म्हणजे म्वाश आम्बोय. कुबांच्या राजमुखवट्यांत हा पहिल्या मानाचा. तो वूटचा मानला जातो. वूट हा त्यांचा आदिपुरुष, पहिला राजा, ज्याच्यापासून सगळे कुबा आपली वंशावळ सांगतात. त्याच्याबद्दल एक कथा आहे. वूट एकदा ताडी पिऊन झिंगला आणि उघडाच पडून राहिला. मुलांनी पाहून त्याची टर उडवली. मुलगी मात्र पाठमोरी चालत गेली आणि बापाकडे न पाहता तिने त्याच्या अंगावर वस्त्र घातलं. शुद्धीवर आल्यावर वूटने ठरवलं, की यापुढे वारसा मुलीच्या बाजूने जाईल. म्हणूनच कुबांमध्ये वंश आईकडून मोजतात आणि राजाच्या गादीवर त्याचा मुलगा बसत नाही. भाऊ किंवा बहिणीचा मुलगा बसतो. बायबलातली नोहाची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना इथे काहीतरी ओळखीचं वाटेल. पण कथा कुठून का आलेली असेना, कुबांनी तिच्यावर आपला वारसाहक्काचा कायदा उभा केला आहे.

म्वाश आम्बोय लाकडाचं एकसंध डोकं नाही. वेताचा सांगाडा, त्यावर राफिया नावाच्या ताडाच्या तंतूंचं कापड, चेहऱ्यावर बऱ्याचदा बिबट्याचं कातडं, लाकडात कोरून शिवलेलं नाक आणि कान, हनुवटीला केसाळ दाढी, आणि उरलेल्या जागेवर कवड्या आणि मणी. टोपीसारखा डोक्यावर चढवायचा, तोच मुखवटा आणि तेच शिरोभूषण. बिबट्या हा तिथे सत्ताधाऱ्यांचा प्राणी. शिकाऱ्याने बिबट्या मारला तरी कातडं प्रमुखाकडे जायचं. म्हणजे ते कातडं तोंडावर शिवलं, की आत कोणाची सत्ता बोलते आहे हे सांगायलाच नको.

तुम्ही पाहिलेला मुकेंगा हा याच घराण्यातला, राज्याच्या उत्तर भागात घडवला जाणारा. सोंड ही त्याची खास ओळख. टाळूवरून एक जाड, भरीव दंड निघतो, कवड्यांच्या आणि निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या पट्ट्यांनी मढत पुढे वळतो आणि तोंडासमोर लोंबतो. दोन्ही बाजूंना सुळ्यांसारखे भाग. सोंडेच्या टोकाला लालभडक पिसांचा झुबका. ही पिसं करड्या आफ्रिकन पोपटाच्या शेपटीची. पोपट अख्खा राखाडी आणि शेपूट तेवढी लाल, म्हणून त्या लाल पिसांना मोल. पुढच्या वेळी गेलात तर सोंडेवरचे मणी जवळून बघा. एका ओळीतली नक्षी दुसऱ्या ओळीत किंचित मोडलेली असते, चौकटीतून चौकट निघते आणि मध्येच दिशा बदलते. ही हातचूक नव्हे. कुबांच्या विणकामात, लाकडी पेल्यांवर, चटयांवर सगळीकडे हीच खोड दिसते. एकच नक्षी यंत्रासारखी शेवटपर्यंत ओढत नेणं त्यांना कंटाळवाणं वाटत असावं.

सोंडच का, तर हत्तीसारखा मोठा प्राणी त्या जंगलात दुसरा नाही, हे झालं साधं कारण. दुसरं कारण पैशाचं. हस्तिदंताच्या व्यापारावर कुबा राज्य श्रीमंत झालं. एकोणिसाव्या शतकात तर दूरदूरचे व्यापारी हस्तिदंतासाठी या भागाकडे येत. म्हणजे हत्ती हा बळाचाही प्राणी आणि तिजोरीचाही. गणपतीशी नातं जोडायचा मोह आवरायचा तो यासाठी. आपल्याकडे गजमुख हे देवाचं रूप आहे आणि ते पूजेला बसतं. मुकेंग्याची कोणी पूजा करत नाही. त्याची सोंड मालकाची ऐपत आणि अधिकार सांगते.

सोंडेतून भारताशी धागा जोडता आला नाही म्हणून नाराज होऊ नका. कवड्यांतून तो जोडता येतो आणि तो खरा आहे. न्शेंगपासून अटलांटिक महासागराचा किनारा सुमारे हजार किलोमीटर लांब. बरं, तिथवर गेलं तरी उपयोग नाही, कारण ही पैशाची कवडी अटलांटिकमध्ये होतच नाही. ती हिंदी महासागरातली. मालदीवची बेटं हे तिचं सगळ्यांत मोठं कोठार, शिवाय झांजिबारकडचा पूर्व किनारा. मालदीवच्या कवड्या भारत आणि श्रीलंकेच्या बंदरांतून युरोपीय जहाजांत चढत, तिथून युरोपात, आणि मग पोतीच्या पोती पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला उतरत. पुढे हातोहात आत. म्हणजे तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात जी माळ असते, तिच्यातली कवडी आणि मुकेंग्यावरची कवडी एकाच समुद्राची लेकरं असायची दाट शक्यता आहे. कुबांकडे पूर्वी राफियाच्या कापडाचे चौकोनी तुकडे चलन म्हणून चालायचे, नंतर कवड्याही चालू लागल्या. तेव्हा कवड्यांनी भरलेला मुखवटा म्हणजे अंगभर शिवलेला रोख पैसा. बघणाऱ्या प्रत्येकाला त्याची किंमत मनातल्या मनात लावता यायची.

आता डोळ्यांचं. तुमचं निरीक्षण अचूक आहे. या राजमुखवट्यांपैकी अनेकांना डोळ्यांच्या जागी आरपार भोक नसतं, असलं तरी अगदी बारीक. त्यामुळे आतल्या माणसाला नीट दिसत नाही आणि म्वाश आम्बोयचं नाचणं आपोआपच संथ, तोलून मापून पाऊल टाकणारं होतं. ते राजाच्या प्रतिमेला शोभूनही दिसतं. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे सांगणं अवघड, पण दोन्ही एकमेकांना छान जुळले आहेत. दुसरा राजमुखवटा ब्वूम, त्याचे तर डोळे कोरलेलेच बंद. नाचणारा बघतो नाकपुड्यांच्या भोकांतून! म्हणून ब्वूमचं नाक एवढं रुंद का, असं विचारलं तर निम्मं उत्तर आतल्या माणसाच्या सोयीत आहे.

उरलेलं निम्मं उत्तर जास्त मजेदार. ब्वूम हा लाकडाचा, पूर्ण डोकं झाकणारा मुखवटा. कपाळ असं फुगून पुढे आलेलं, की खालचा चेहरा त्याच्या सावलीत जातो. कपाळावर, गालांवर तांब्याचे पत्रे ठोकलेले, आणि डोळ्यांच्या रेषेत व नाकावर मण्यांच्या पट्ट्या. हा कोण? एक कथा सांगते, की तो डोकं अवाजवी मोठं असलेला राजपुत्र. दुसरी म्हणते, तो जंगलात राहणारा ठेंगणा त्वा माणूस. हे त्वा कुबा राज्यातच राहणारे शिकारी, तिथले सगळ्यांत जुने रहिवासी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा राजा मिको मिम्बुल याचं नाव या कथेत येतं. आधीच्या राजाची मुलं मारल्याच्या पापाने त्याचं मन भ्रमिष्ट झालं होतं. त्वांनी त्याच्यासमोर हा मुखवटा आणला, त्याने तो घालून पाहिला, नाचला, आणि त्याला बरं वाटू लागलं. तेव्हापासून ब्वूम दरबारात आला. इथे राजा स्वतः मुखवटा घालून नाचतो खरा, पण कथेतही ती नेहमीची रीत म्हणून येत नाही. वेडाच्या भरातली ती घटना आहे.

काही जण ब्वूममध्ये सामान्य प्रजाजन पाहतात, काही जण गादीवर हक्क सांगणारा धाकटा भाऊ. कोणतंही खरं माना, एक गोष्ट कायम राहते : ब्वूम राजाच्या विरुद्ध बाजूला उभा असतो. त्याचं नाचणं ताठ, आक्रमक, छाती पुढे काढलेलं. राजसत्तेला आव्हान देणारं पात्र राजाच्याच परवानगीने, राजाच्याच अंगणात नाचतं, याचं मला भारी कौतुक वाटतं. बंडखोरी रंगमंचावर आणून ठेवली की ती डोळ्यांसमोर तरी राहते.

तिसरं पात्र न्गाडी आम्वाश. ही स्त्री आहे. वूटची बहीण आणि बायको. हे वाचून दचकू नका. कुबांच्या आदिकथेत वूटने आपल्या बहिणीशी, म्वीलशी संबंध ठेवला आणि त्या अपराधामुळेच त्याला मूळ ठिकाण सोडावं लागलं, अशी गोष्ट आहे. न्गाडीचा चेहरा लाकडी, पण इतका रंगवलेला की लाकूड दिसत नाही. गालांवर आणि कपाळावर काळे-पांढरे-तांबडे त्रिकोण दाटीने बसवलेले. डोळ्यांखालून तिरप्या रेषा ओघळतात. हे अश्रू, असं सांगतात. आणि कपाळावरून नाकावरून उतरत थेट ओठांपर्यंत जाणारी मण्यांची एक पट्टी. एखाद्या स्त्रीला गप्प राहायला सांगायचं असेल तर यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार? ज्या समाजात वंश आईकडून मोजतात, त्याच समाजाने आदिमातेच्या तोंडावर मण्यांची पट्टी शिवावी, हा विरोधाभास तिथल्या पाहुण्यांना सुचतो. तिथल्या माणसांना तो तसाच जाणवत असेल, असं मी म्हणणार नाही.

आणि हो, न्गाडी नाचतो पुरुषच. स्त्रीचा पेहराव करून, लयदार, कमरेतून हलणारी चाल धरून. मुखवटे घालणं आणि मुखवट्यांची सगळी उठाठेव ही दीक्षा घेतलेल्या पुरुषांची मक्तेदारी. आत कोण आहे हे बायकांना आणि मुलांना माहीत नाही, असं सगळेच वागतात. प्रत्यक्षात ज्या बाईने त्या नाचणाऱ्याला रोज अंगणात चालताना पाहिलंय, तिला त्याची चाल ओळखू येत नसेल असं मानणं जरा भाबडेपणाचं होईल. पण ओळख न दाखवणं हाही सोहळ्याचाच भाग. मुखवट्यामागे न्गेश नावाची, रानात आणि पाण्यात वास करणारी शक्ती असते अशी समजूत आहे, आणि त्या शक्तीसमोर ‘हा तर अमक्याचा मुलगा’ असं म्हणणं हा उद्धटपणा ठरेल.

आता एक गैरसमज, जो तुमच्या पत्रात नाही पण पुस्तकांमध्ये हमखास सापडतो. वूट, त्याची न्गाडी आणि आव्हान देणारा ब्वूम, असे तिघे मिळून एक ठरलेलं नाटक करतात, न्गाडीसाठी राजा आणि ब्वूम भांडतात, वगैरे. तसं कधी कधी होतं. पण प्रत्येक प्रसंगी तिघं एकत्र येतात असं नाही. बऱ्याचदा मुखवटा एकटा येतो, आपला नाच करतो आणि जातो. तीन पात्रांचं घट्ट नाटक हे संग्रहालयाच्या कपाटात तीन वस्तू शेजारी मांडल्या की आपोआप तयार होतं. शिवाय ‘राजाचा मुखवटा’ म्हणजे एकमेव वस्तू, तीही राजवाड्यात कुलूपबंद, असंही समजू नका. राजाच्या अधिकाराखाली प्रांतोप्रांतीच्या प्रमुखांकडे आणि सरदारांकडे आपापले म्वाश आम्बोय आणि मुकेंगा असत. मान राजाकडून खाली झिरपत येतो आणि मुखवटाही त्याच वाटेने येतो.

मग तो नाचतो केव्हा? दोन प्रसंग मोठे. पहिला मुलांच्या दीक्षेचा. हा काही दरवर्षी होत नाही, मधे बरीच वर्षं जातात. वयात येणाऱ्या मुलांचा सगळा गट गावापासून दूर नेऊन ठेवतात, त्यांना शिकवतात, घाबरवतात, त्यांच्याकडून कष्ट करवून घेतात. दक्षिणेकडच्या कुबांमध्ये अशा वेळी एक उंच, शेंड्यांची भिंत उभारून तिच्यावर मुखवटे आणि आकृत्या लावल्याचीही नोंद आहे. हा सगळा खटाटोप संपून मुलगा परततो तेव्हा तो दीक्षितांच्या मंडळाचा सभासद झालेला असतो, आयुष्यभरासाठी.

दुसरा प्रसंग मरणाचा, आणि तुमचा मुकेंगा मुख्यतः या प्रसंगाचा. मंडळातला एखादा मोठा हुद्देदार गेला की त्याचे दीक्षाबंधू मुखवटा घेऊन येतात. कुबांमध्ये अंत्यसंस्कार हा अतिशय खर्चिक आणि गंभीर मामला. मृताला एकावर एक राफिया कापडांचे थर नेसवतात. बायकांनी भरतकाम केलेले, मखमलीसारखी लव असलेले तुकडे वर्षानुवर्षं जपून ठेवलेले असतात ते याच दिवसासाठी. आलेले लोक तुकूल नावाच्या तांबड्या लाकडाच्या भुकटीच्या, नक्षी कोरलेल्या वड्या देतात. हे झाड आपल्या रक्तचंदनाच्या आणि बिबळ्याच्या कुळातलं. अशा वेळी सोंडेचा मुखवटा नाचत आला, की गेलेल्याचा दर्जा सगळ्या गावाला दिसतो. मागे राहिलेल्या दीक्षाबंधूंचाही दर्जा त्याबरोबर दिसतोच. एखाद्या कुळाला तो मान मिळाला नाही तर त्याचीही चर्चा होणारच. माणसं शेवटी माणसंच.

आता काचेच्या पेटीची मर्यादा. तुम्ही पाहिलं ते फक्त डोकं. त्याखाली राफियाचं घेरदार, पदरावर पदर चढवलेलं वस्त्र, कातडी, पट्टे, घुंगरं, हातात काहीतरी धरलेलं आणि सभोवती ढोल. संग्रहालयात पोहोचताना या सगळ्यातलं डोकंच तेवढं पोहोचलं, कारण तेच सुबक, तेच न्यायला सोपं. आणि त्याला आपण ‘मुखवटा’ म्हणून कपाटात ठेवलं. चेहरा बघून मुखवटा कळेल, ही आपली सवय. कुबांच्या लेखी मात्र त्या चेहऱ्याला नाच, पोशाख आणि ढोल मिळाल्याशिवाय तो अर्धवटच.

हे परदेशी गेले कसे, हेही थोडक्यात सांगायला हवं. १८९२ मध्ये विल्यम हेन्री शेपर्ड हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय मिशनरी न्शेंगला पोहोचला. बाहेरच्यांना राजधानीची वाट दाखवणाऱ्याला शिक्षा होईल असा राजाचा हुकूम असताना तो पोहोचला, हे विशेष. त्याने जमवलेल्या वस्तू आज व्हर्जिनियातल्या हॅम्पटन विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या राजवटीत रबरासाठी चाललेले अत्याचार जगापुढे आणणाऱ्यांत शेपर्डचं नाव घ्यावं लागतं. त्यापायी १९०९ मध्ये त्याच्यावर एका रबर कंपनीने खटलाही भरला होता, त्यातून तो सुटला. १९०८ मध्ये एमिल टोर्डे हा हंगेरियन संशोधक ब्रिटिश म्युझियमसाठी आला आणि त्याने राजा कोट आपे याच्याकडून न्डोप मूर्तींसह बरंच काही मिळवलं. त्याच काळात राज्यावर रबराचा जुलूम चालू होता. मुळात अशा वेळी कोण काय राजीखुशीने देतं, हा प्रश्न पेटीवरच्या पाटीवर लिहिलेला नसतो.

प्रश्न : माझ्या ओळखीच्या एकाने परदेशातून ‘अस्सल कुबा राजमुखवटा’ विकत आणलाय. खरा कसा ओळखायचा? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आधी ‘खरा’ म्हणजे काय ते ठरवा. विसाव्या शतकात कुबा कारागीर विकण्यासाठीही मुखवटे घडवू लागले. ते कुबांनीच केलेले, कौशल्यही तेच. त्यामुळे त्यांना खोटं म्हणणं अन्यायाचं ठरेल. फक्त ते नाचलेले नसतात. नाचलेला मुखवटा ओळखायचा असेल तर तो उलटा करून आत बघा. घामाने काळवंडलेला कपड्याचा भाग, डोक्याच्या आकाराला बसलेली घडी, तुटलेल्या कवडीच्या जागी नंतर शिवलेली वेगळ्या आकाराची कवडी, एकाच्या जागी दोन रंगांचे दोरे. सणासमारंभाआधी डागडुजी व्हायचीच, म्हणून दुरुस्ती दिसली तर हिरमुसू नका, तीच खूण. आतून अगदी कोरा, बाहेरून मात्र धूर दाखवून जुनाट केलेला असेल तर किंमत ऐकण्याआधीच उठून या. आणि चेहऱ्यावर खरंच बिबट्याचं कातडं असेल, तर वन्यजीव कायद्याची आणि कस्टम्सची चौकशी तुमच्या मित्राने विमानात बसण्याआधी करायला हवी होती.

प्रश्न : हे सगळं इतिहासजमा झालं की अजून चालू आहे? (त्याच वाचकाची पुरवणी)

उत्तर : राज्य अजून आहे. १९६९ मध्ये कोट आम्ब्वीकी तिसरा न्शेंगच्या गादीवर आला. एलिसोफनने त्याचंही पोशाखातलं छायाचित्र १९७१ मध्ये घेतलं. बेल्जियन इतिहासकार यान वान्सिना याने १९५० च्या दशकात इथे राहून कुबांच्या तोंडी परंपरा नोंदवल्या आणि १९७८ मध्ये त्यांचा मोठा इतिहास लिहिला. आज आपण ज्या गोष्टी सांगतो त्यांतल्या बऱ्याच त्याच्या टिपणवहीतून आल्या आहेत. दीक्षेचे सोहळे पूर्वीपेक्षा विरळ झाले. शाळा, चर्च, युद्धं, स्थलांतर यांतून इतकी मुलं इतका काळ बाजूला काढणं अवघड झालं. दिवसकार्य मात्र कोणाला टाळता येत नाही. त्यामुळे मुखवट्यांना बाहेर पडायचं निमित्त तिथे अजून मिळतं.